तुआचीचे अठरा हजार

२४ जानेवारी, शुक्रवार

ही वही दुकानाची आहे. प्रत्येक पानावर रुंदी, उंची, कापड, अस्तर असे रकाने छापलेले आहेत. दुकान डिसेंबरात बंद झालं आणि कोऱ्या वह्या चाळीस उरल्या. काल कर्जात बुडालेल्यांसाठी एक मोफत व्याख्यान होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, रोज घडेल ते लिहीत जा, मन हलकं होतं. माझं मन जड वगैरे नाही, पण चाळीस वह्यांचं काहीतरी करायला हवं. त्या सभागृहाचे पडदे जमिनीपासून दोन इंच वर लटकत होते. ज्याने शिवले त्याने माप घेताना खाली वाकायचा कंटाळा केला.

मी फुआ सियांग हॉक, वय एकोणसाठ, धंदा पडद्यांचा. एक दुकान नीट चाललं होतं म्हणून दुसरं काढलं. दुसऱ्याने पहिल्याला खाल्लं. सगळ्या कर्जांना हमी माझी स्वतःची. एकूण दोन लाख एकेचाळीस हजार डॉलर. हा आकडा मी या वहीत एकदाच लिहिणार.

व्याख्यानात कळलं की दिवाळखोरीचा अर्ज आपला आपण करता येतो. अर्जाबरोबर एक हजार आठशे पन्नास डॉलर अनामत भरायची, कोर्टाची फी वेगळी. मी हात वर करून विचारलं, पैसे नाहीत हे सांगायला इतके पैसे आणायचे कुठून? बाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे, अंकल." आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

अर्ज नव्या वर्षानंतर करायचा ठरवलं आहे. बुधवारी आमचं चिनी नवं वर्ष. त्याच्या आत देणी चुकती करायची असतात. देणं घेऊन जो नव्या वर्षात पाऊल टाकतो, त्याची पाठ ते वर्षभर सोडत नाही. बँकांचं फेडणं माझ्या हाताबाहेर आहे. पण तुआचीचे अठरा हजार फेडता येतील. तुआची म्हणजे माझी थोरली बहीण, सत्तर वर्षांची, एकटी. शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं नूडल विकून आता घरी बसली आहे. चार वर्षांपूर्वी रोगाच्या साथीत दुकान बंद होतं, तेव्हा तिने ते दिले होते.

काल व्हॅन विकली. अठरा हजार सहाशे आले. मुई चूला, म्हणजे बायकोला विचारलं की बँकेला थोडे द्यावेत का.

ती म्हणाली, "आधी तुआचीचे दे. बँक काय आपल्याकडे जेवायला येणार आहे?"

२७ जानेवारी, सोमवार

नव्या वर्षाला जुनी नोट देऊ नये म्हणून बँकेत दीड तास रांग लावून कोऱ्या नोटा घेतल्या. याच बँकेचे मी एकसष्ट हजार देणं लागतो. खिडकीतल्या मुलीने हसून शुभेच्छा दिल्या आणि एक कॅलेंडर दिलं.

तुआचीच्या घरी गेलो. तिच्या खिडकीचे पडदे मीच शिवलेले आहेत, बावीस वर्षांपूर्वी. अजून सरळ पडतात.

लाल पाकीट तिच्यापुढे दोन्ही हातांनी धरलं. ती म्हणाली, "हे काय आणलंस?"

"तुझे पैसे. सगळे आहेत."

"मी मागितले का?"

"नव्या वर्षाच्या आत द्यायचे असतात."

"दुकान गेलं ना रे, आ हॉक? खाणार काय आहेस?"

"ते माझं मी बघीन. तू गुडघ्यांचं ऑपरेशन करून घे आता."

मला वाटलं होतं ती नको नको म्हणेल, मी आग्रह करीन, निदान दोन वेळा तरी. तिने पाकीट उचललं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं. पण लिफ्टमध्ये शिरल्यावर छाती मोकळी झाली. एक माणूस तरी या जगात आहे ज्याचं माझ्याकडे काही निघत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

वर्ष संपतानाचं जेवण. आम्ही दोघं आणि तुआची. मासा आख्खा आणला होता, अर्धा उरवला. तो उरवायचाच असतो, म्हणजे वर्षभर घरात शिल्लक राहते, पण यंदा उरवताना मुई चूने तो इतका जपून झाकला की मी मान दुसरीकडे वळवली.

जेवताना वसुलीवाल्यांचा फोन आला. मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "अंकल, नवं वर्ष भरभराटीचं जावो. आणि हप्ता?"

२९ जानेवारी, बुधवार

आज झाडू मारायचा नाही, रडायचं नाही, देण्याघेण्याचं बोलायचं नाही. तिन्ही पाळलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

तुआची आली होती. मागच्या आठवड्यापासून म्हणते आहे की दर बुधवारी येत जाईन. एकटीला करमत नसेल. येताना दोन पिशव्या भरून आणल्या. कोंबडी, अंडी, तेल, कोबी. म्हणाली, सणाचं उरलंय, फ्रीजमध्ये जागा नाही. एकट्या बाईने सणाला पाच लिटर तेल कशाला घ्यावं, मला कळत नाही. वय झालं की माणसाचा अंदाज सुटतो.

लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत ती दोनदा थांबली. ऑपरेशन कधी, असं विचारलं. म्हणाली, डॉक्टर रजेवर आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पंधरावा दिवस. सण संपला. सणात असली कामं काढायची नसतात म्हणून मी पंधरा दिवस थांबलो. व्याज थांबलं नाही. हिशोब केला आणि खोडला.

तुआची आली होती. डॉक्टर अजून रजेवर आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वस्तीच्या क्लबात गुरुवारी वकील फुकट सल्ला देतात. माझा नंबर मिस थेनमोळी यांच्याकडे लागला. वय पस्तिशीचं, आवाज शाळामास्तरणीचा. त्यांनी फॉर्म एकेक पान उलटून समजावला. घर सरकारी आहे, त्याला हात लागत नाही. म्हातारपणाची शिल्लक आहे, तिलाही नाही. परवानगीवाचून देशाबाहेर जायचं नाही. म्हटलं, मी कधी सीमेपलीकडच्या जोहोरच्या पुढे गेलेलो नाही, तेही स्वस्त पेट्रोल भरायला. आता व्हॅनच नाही.

मग घरखर्चाचं पान आलं. मी किराण्याला महिना एकशे चाळीस लिहिलं होतं. मुई चू मला तेवढेच मागते.

"अंकल, दोन माणसं एकशे चाळिसात?"

"बायको हुशार आहे."

त्यांनी काही लिहून घेतलं. मग विचारलं, "गेल्या दोन वर्षांत घरच्या कुणाचे पैसे परत केलेत का?"

"केले ना!" मी खुर्चीत सरळ बसलो. आज सकाळपासून अभिमानाने सांगण्यासारखं हेच काय ते होतं. "बहिणीचे अठरा हजार. अगदी नव्या वर्षाच्या आत."

मिस थेनमोळींनी पेन खाली ठेवलं.

"बँकांना काही दिलंत त्या महिन्यात?"

"नाही. उरलेच नव्हते."

"म्हणजे दिवाळं काढायचं हे ठरलेलं असताना तुम्ही एकट्या बहिणीला दिलेत."

"मग? बहीण नाही का ती?"

"अंकल, पैसे येणं असलेले सगळे एका रांगेत उभे असतात. तुम्ही बहिणीला मागच्या दाराने आत घेतलंत. कायदा तिला ते परत आणायला लावू शकतो."

"कायद्याला बहीण कळत नाही का?"

"चांगली कळते. म्हणून तर तिच्या बाबतीत दोन वर्षं मागे जाऊन बघतात. परका असता तर एकच वर्ष बघितलं असतं."

मी विचारलं, हे नाही लिहिलं तर? त्या म्हणाल्या, फॉर्मवर शपथ घ्यायची असते, शपथेवर खोटं बोललात तर मी तुम्हाला ओळखत नाही. मग थोड्या नरम आवाजात म्हणाल्या, "सगळेच करतात अंकल. दर फेब्रुवारीत माझ्याकडे असे चार तरी येतात."

यात मला समाधान काय वाटायचं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुई चूशी भांडण. ती म्हणते, तो रकाना कोरा सोड.

मी म्हटलं, "चाळीस वर्षं मी एक रकाना कोरा सोडलेला नाही. उंचीचा रकाना कोरा ठेवून पडदा शिवतात का?"

"ही खिडकी नाहीये, हॉक. तुझी बहीण आहे. तिच्या दारात सरकारी माणूस पाठवणार आहेस?"

"मी नाही पाठवत. कायदा पाठवतो."

"कायद्याला पत्ता कोण देतंय?"

मी खाली जाऊन बाकावर बसलो. मला लाज वाटत होती. दुकान गेलं त्याची नाही, ती वाटून संपली. सगळ्या पडझडीत एक गोष्ट सरळ केली होती, तीच वाकडी निघाली, त्याची वाटत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

तुआचीकडे गेलो. तीनदा समजावून सांगितलं, कारण ती इतकी शांत होती की तिला कळलंच नाही असं मला वाटलं. पैसे परत मागतील. अठरा हजार. तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन राहील.

ती भेंडी चिरत होती. चिरायची थांबली नाही.

"लिही," म्हणाली.

"मुई चू म्हणते लिहू नको."

"मुई चूचं मन मोठं आहे, डोकं जरा लहान आहे. खोटं लिहून आत गेलास तर डबा घेऊन कोण येणार? मी? एवढ्या पायऱ्या?"

"पण पैसे?"

"पैशाचं मागतील तेव्हा बघू. जेवून जा."

मी तिला म्हटलं, ते पाकीट जसंच्या तसं ठेव, हात लावू नकोस. ती म्हणाली, "बरं." मग माझ्याकडे पाठ करून भेंडी परतायला घेतली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म पूर्ण झाला. तुआचीचं नाव, पत्ता, रक्कम, तारीख, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं. आता अडलं होतं अनामतीपाशी. मी मनगटावरचं घड्याळ विकायला काढलं तर त्याचे नव्वद डॉलर येत होते.

संध्याकाळी मुई चूने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत अनामत आणि वर कोर्टाची फी, बरोबर मोजून. म्हणाली, "साठवलेले आहेत."

अडतीस वर्षांच्या संसारात मी तिला उधळी म्हणत आलो. नोटा तर कोऱ्या करकरीत, एकीलाही घडी नाही. इतकी वर्षं डब्यात राहून नोटेला घडी पडू न देणारी बाई, आणि मी तिला उधळी म्हणायचो! मला भरून आलं. मी तिची माफी मागितली. तुआची समोर बसली होती, तिच्यासमोर मागितली.

मुई चू म्हणाली, "माझी नको रे मागूस."

विनयाने बोलली. हाही गुण मी आजवर पाहिला नव्हता. तुआची म्हणाली, जेवण गार होतंय.

१२ मार्च, बुधवार

अर्ज दाखल झाला. एप्रिलच्या दहा तारखेला सुनावणी.

दाढ काढली. मुई चू म्हणते की साठीला टेकलेल्यांसाठी दवाखान्याची योजना आहे, पैसे पडत नाहीत. सरकारने एवढं चांगलं काम करावं आणि जाहिरात करू नये हे नवल आहे.

विजेचं बिल दुसऱ्या महिन्यातही आलं नाही. विसरले असतील. मी कळवू का असं विचारलं तर मुई चू म्हणाली, झोपलेल्या कुत्र्याला दगड कशाला मारतोस. हे मात्र मला पटलं नाही. खर्चाच्या पानावर मी वीज शून्य लिहिली आहे आणि पुढे "बिल आले नाही" अशी टीप दिली आहे.

दहा किलोचं तांदळाचं पोतं दारात होतं. मुई चू म्हणते वाणी ओळखीचा आहे. मी त्याला पंचवीस वर्षं ओळखतो, त्याने मला कधी सुटे पैसेही सोडले नाहीत. पण बाईमाणसाला लोक वेगळं वागवतात.

तुआचीचा डॉक्टर पुन्हा रजेवर गेला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर फारच रजा घेतात.

२ एप्रिल, बुधवार

नोकरी लागली. एका पडद्याच्या दुकानात मापं घ्यायची. मालक बत्तीस वर्षांचा आहे, माझ्या दुसऱ्या दुकानाच्या समोरच त्याचं दुकान होतं. मुलाखतीत त्याने विचारलं, अनुभव आहे का, अंकल? मग त्याचा तोच लाजला. पोरगा वाईट नाही. माप मात्र खिडकीच्या एकाच बाजूचं घेतो.

१० एप्रिल, गुरुवार

दिवाळखोर झालो. पाच मिनिटं लागली. माझ्या आधीचा माणूस तीन मिनिटांत झाला.

कोर्टाचे पडदे चांगले होते. जाड कापड, अस्तर दुहेरी, चुण्या सारख्या.

बाहेर येऊन मुई चूने दोन कॉफी सांगितल्या. मी म्हटलं, एकच घे. ती म्हणाली, "आज दोन." पहिल्याच घोटाला माझी कॉफी शर्टावर सांडली. मग तिने कप खालून धरून ठेवला. वसुलीवाल्या मुलीचा आता फोन येणार नाही. ती खरंच गोड बोलायची.

६ मे, मंगळवार

दिवाळखोरी कचेरीत बोलावलं होतं. मला, मुई चूला आणि तुआचीला. अधिकारी मिस्टर रिदवान, तिशीचा तरुण, दाढी नीट कातरलेली. खिडकीला पट्ट्यांचा ब्लाइंड, दोन पट्ट्या मोडलेल्या. तुआचीला बसायला त्याने स्वतःची चाकांची खुर्ची दिली.

"आंटी, जानेवारीत भावाने तुम्हाला अठरा हजार दिले?"

"दिले."

"ते तुमच्याकडे आहेत?"

"अकरा हजार दोनशे आहेत." तिने पिशवीतून लाल पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हात लावू नकोस असं मी बजावून सांगितलं होतं.

"बाकीचे?" रिदवानने विचारलं.

"संपले."

"कशावर?"

तुआचीने छताकडे पाहिलं. "म्हाताऱ्या बाईला काय खर्च नसतात का?"

मला मध्ये पडावंच लागलं. म्हटलं, "तिच्या गुडघ्यांवर गेले असतील. ऑपरेशन करायचं आहे तिला."

"झालं ऑपरेशन?"

"नाही. डॉक्टर रजेवर आहे."

तेव्हा मुई चू रडायला लागली. अधिकाऱ्यासमोर, खुर्चीत वाकून. आणि रडता रडताच माझ्यावर ओरडली, "डॉक्टर कुठेही गेलेला नाही, बैलोबा! तांदूळ कुठून येतो घरात? तुझी दाढ कुणी काढून दिली? एकशे चाळिसात मांजर तरी जेवतं का?"

"मुई चू," तुआची म्हणाली, "सरकारी कचेरी आहे."

"असू दे! तीन महिने झाले, मला झोप नाही."

मी बोलायला तोंड उघडलं आणि एकेक वस्तू आठवायला लागली. कोंबडी. तेल. पोतं. न आलेली विजेची बिलं. बिस्किटांचा डबा, आणि त्यातल्या कोऱ्या नोटा, ज्यांच्यासाठी मी स्वतः दीड तास रांगेत उभा होतो. दिवाळखोर व्हायची अनामतसुद्धा तुआचीनेच भरली होती. 

रिदवानने माझं खर्चाचं पान काढलं. एकशे चाळिसावर रेघ मारली. विजेच्या शून्यापाशी थांबला. "अंकल, 'बिल आले नाही' असं का लिहिलंत?"

"आलं नाही म्हणून."

"येत होतं," मुई चू नाक पुसत म्हणाली. "मीच ते तुआचीला नेऊन देत होते."

त्याने तिथेही रेघ मारली. मग बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसला. म्हणाला, "आंटी, यांच्यावर खर्च केल्याच्या पावत्या आहेत?"

"तीस वर्षं कँटीन चालवली," तुआची म्हणाली. "पावत्या नसतील?" पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा निघाला. दाढेची सगळ्यांत वर होती.

तो म्हणाला, जे यांच्याच घरखर्चात गेलं ते तुमच्याकडून मागू नये अशी मी शिफारस करीन. पण हे अकरा हजार दोनशे जमा करून घ्यावे लागतील. सगळ्यांच्या रांगेत जातील.

"घ्या," तुआची म्हणाली.

"पटकन घ्या असं म्हणू नका, आंटी. तुमचं ऑपरेशन आहे."

"गुडघे काय, कुठे पळून जातायत का?"

रिदवान हसला नाही. त्याने पावती दिली आणि तिच्याबरोबर एक फॉर्म. म्हणाला, पैसे परत आले म्हणजे तुमचं येणं पुन्हा उभं राहिलं. आता तुम्हीही रांगेत. हा भरून द्या, जे वाटप होईल त्यात तुमचाही वाटा निघेल. डॉलरमागे काही सेंट.

उठताना तुआचीने खुर्ची ढकलत नेऊन त्याच्या टेबलामागे नीट लावली.

७ मे, बुधवार

दोघींशी बोललो नाही. तुआची आज आली नाही, मीच येऊ नको असं सांगितलं.

बहिणीचं देणं फेडलं म्हणून मी तीन महिने ताठ मानेने फिरलो, आणि तेवढेच महिने तिचेच पैसे मिरची लावून खाल्ले. नव्या वर्षाच्या उंबऱ्याबाहेर जे ठेवून आलो होतो ते माझ्या ताटात होतं. मला राग आला आहे. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. मुई चूचा म्हणावं तर तिने मला उपाशी ठेवलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

१२ मे, सोमवार

आज एका गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप चुकलो. रुंदीच्या रकान्यात उंची लिहिली. मालक पोरगा म्हणाला, होतं असं अंकल. आजवर माझं असं झालेलं नाही.

१४ मे, बुधवार

तुआचीला फोन करून बोलावलं. रिकाम्या हाताने ये, म्हटलं. आली. लिफ्टपासून दारापर्यंत तीनदा थांबली. या वेळी मी दारातून बघत न राहता पुढे जाऊन तिचा हात धरला. तिने धरू दिला.

जेवायला पेज, खारवलेलं अंडं, मुळ्याचं लोणचं, सुके मासे. सगळं माझ्या पगारातलं. मुई चूने किंमत सांगितली तेव्हा कळलं की अंड्यांचा भाव काय आहे.

पहिली पेज खाऊन झाल्यावर रिदवानने दिलेला फॉर्म भरायला घेतला. तुआचीला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी लिहीत होतो. धनकोचं नाव, वय, पत्ता. ऋणकोचं नाव, म्हणजे माझं. रक्कम. मग रकाना आला: ही रक्कम कशाबद्दल येणं आहे?

"कशाबद्दल दिले होतेस, असं विचारतायत," मी म्हटलं.

"तू माझा भाऊ आहेस म्हणून."

"ते कारण होत नाही, तुआची. माल विकला, काम केलं, कर्ज दिलं, असलं काहीतरी लागतं."

"मी कर्ज म्हणाले होते?"

मी आठवून पाहिलं. चार वर्षांपूर्वी ती दुकानात आली होती. शटर अर्धं खाली होतं. नूडलच्या पिशवीत गुंडाळलेले पैसे तिने कापडाच्या ताग्यावर ठेवले आणि म्हणाली, "ठेव." पुढे काही बोलली नाही. कर्ज हा शब्द तिचा नव्हताच. माझा होता. चार वर्षं तो मी एकट्यानेच जपला, आणि त्याच्यापायी तिचे गुडघे गेले.

"नव्हतीस म्हणाली," मी म्हटलं. मग पेनाचं टोपण शोधायला टेबलाखाली वाकलो. मुई चूने मुद्दाम भांडी वाजवली.

रकाना अरुंद आहे, एका शब्दाचा. त्यात मी लिहिलं, भाऊ. रिदवान हा फॉर्म परत पाठवणार, त्याला पाठवावाच लागेल. पाठवू दे. परत आला की पुन्हा हेच लिहीन, आणि तिसऱ्यांदा आला तर तो म्हणेल ते लिहीन.

"काय लिहिलंस?" तुआचीने विचारलं.

"तू सांगितलंस तेच."

तिने चष्मा लावून त्या शब्दाकडे पाहिलं, वाचता येत असल्यासारखं. मग सही केली, आणि पातेलं स्वतःकडे ओढून पेज दुसऱ्यांदा वाढून घेतली.